माणूस पाहून घेतलेली गाडी

हसू नका, गाडी बघायला मी एकटा गेलो नव्हतो. शहराच्या पार टोकाला, ईस्ट टामाकीच्या गोदामात दुसऱ्या दिवसापासून पहाटेची नोकरी होती आणि त्या वेळी तिकडे बस नसते. मला अनोळखी माणसाला प्रश्न विचारवत नाहीत, म्हणून रूममेटच्या वडिलांना, पुण्याहून आलेल्या जोशीकाकांना, सोबत नेलं.

गाडी छोटी, अमेरिकन. काकांनी मालकाला विचारलं, "भरवशाची आहे ना?"

तो गोरा म्हणाला, "खरं सांगू? गिअरबॉक्स हादरे देतो. मी तरी घेतली नसती."

मी निघालोच. काकांनी दंड धरला. "अरे, स्वतःच्या मालाला नावं ठेवणारा विकणारा पाहिलायस कधी? असा माणूस गाडी जपतो. घेऊन टाक!"

सगळी शिल्लक देऊन घेतली. घरी येताना सँडरिंगहॅमच्या सिग्नलला ती थांबली, ती पुन्हा सरकलीच नाही. विकणाऱ्याला फोन केल्यावर तो बिचारा स्वतः दुसऱ्या गाडीतून दोर घेऊन आला आणि त्याने आम्हाला ओढत घरी पोचवलं.

उद्या कामावर कसा जाणार, या विचाराने मी फोनवर चालत जायचं अंतर पाहू लागलो. काका मात्र त्याचा हात हातात घेऊन विचारत होते, "तुमच्याकडे अजून एखादी आहे का हो विकायला?"