शेंदराखालचा दगड

आधी नमस्कार गाभाऱ्यातल्या त्या धन्याला, मग तुम्हा मंडळींना, आणि मग आमच्या पेटीवाल्या काकांना — ते रुसले की माझा सूर गेलाच म्हणून समजा! बसा, बसा. ऊन आहे, मांडवात सरकून घ्या. ते खांबाला टेकलेले पाहुणे — झोपायचं तर खुशाल झोपा, पण घोरू नका हो, तबल्याशी मेळ बसत नाही!

मंडळी, ऐका. आज एक प्रश्न घेऊन आलोय. दोन मुलखांत वैर चाललंय, वर्षानुवर्षं. एका माणसाला खरं काय ते ठाऊक आहे — आणि तो गप्प! दुसऱ्याला काही म्हणजे काही ठाऊक नाही — आणि तो गळा काढून बोलतोय! सांगा, त्या वैराचं पाप कोणाच्या माथी? गप्प बसला त्याच्या, की ओरडला त्याच्या? थांबा, लगेच माना डोलवू नका. आधी गोष्ट ऐका. मग मान डोलते का बघू!

तर काय, एक माळरान होतं. माळाच्या अलीकडं झरेगव्हाण, पलीकडं खडकुणं. झरेगव्हाणला ओढा, खडकुण्याला दगडाची खाण. आणि दोघांच्या मधोमध कुरण — गवताचं रान, कमरेइतकं गवत! दसरा झाला की पहिले आठ दिवस खडकुण्यानं कापायचं, पुढचे आठ दिवस झरेगव्हाणनं. पुढल्या वर्षी उलटं. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. चाललं होतं की नाही? मजेत चाललं होतं! एका गावची पोर दुसऱ्या गावची सून होती, एकाच्या लग्नात दुसरा वाढायला होता.

मग आला मोजणीवाला साहेब. आता तो माणूस काही वाईट नव्हता हो — फक्त दमला होता! उन्हाचा कुरणात उतरलाच नाही. बाभळीखाली बसला, ताक प्याला आणि नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. सर्रकन! कुरण चिरलं. चांगलं गवत एकीकडं, कुसळं एकीकडं. ज्यांना कुसळं आली ते म्हणाले, लबाडी झाली. ज्यांना गवत आलं ते म्हणाले, आता रेघ म्हणजे रेघ! अहो, एवढंच! दोन गावांच्या मोठ्या माणसांनी एकदा एका सतरंजीवर बसायचं होतं. बसली का? नाही! ‘आपण आधी कसं जायचं?’ या चार शब्दांनी जेवढी माणसं मारलीत ना मंडळी, तेवढी पटकीनं मारली नाहीत!

त्याच वर्षी पाऊस कमी. गुरं हंबरायला लागली. आणि एका दुपारी शिवेवर गोफणी फिरल्या.

झरेगव्हाणच्या बाजूनं सगळ्यांच्या पुढं होता राणोजी. चोवीस-पंचवीस वर्षांचा, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. दगड लागला आणि जागच्या जागी गेला. तिकडं खडकुण्याचा शिदू पडला, तोही गेला. दोन गावांत दोन चिता. राणोजीची बायको सगुणा चार महिन्यांची गरोदर होती. विचार करा, बायांनो! कुंकू गेलं, पोटात लेकरू, आणि दारात अख्खं गाव ओरडतंय — बदला! तिला पाणी विचारायला कोणी नाही. बदला विचारायला सगळे!

राणोजीचा धाकटा भाऊ केरबा, सतरा वर्षांचा. त्यानं भावाच्या प्रेताशेजारी पडलेला दगड उचलून घरी आणला. म्हणाला, ‘ह्यानं माझा भाऊ नेला.’ बाराव्या दिवशी त्या दगडाला शेंदूर फासला आणि देवळात, देवाच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवला. पुढल्या दसऱ्याला गावानं दुसरा हात दिला. त्याच्या पुढल्या दसऱ्याला तिसरा. तेल आणि शेंदूर, तेल आणि शेंदूर! मुठीएवढा दगड बघता बघता नारळाएवढा झाला. नवरदेव त्याच्या पाया पडूनच घोड्यावर बसायचा. तान्ही पोरं त्याच्या पायाशी घालायचे. देवाला एक फूल, दगडाला पाच!

आणि मग काय झालं? सोयरीक बंद. बाजार दोन. वाट बंद — शिवेवर बोराटीची काटी लावली! एस.टी. सहा वर्षं शिवेपर्यंत येऊन माघारी वळायची, मग तीही कंटाळली. खडकुण्यात दिलेल्या झरेगव्हाणच्या लेकी तिथंच म्हाताऱ्या झाल्या, आई गेली तरी त्यांना तोंड दाखवलं नाही. आसपासची नऊ गावंही वाटली गेली — चार इकडं, पाच तिकडं. का? त्यांचं गवत होतं का? छे हो! पण भांडण असं चाललेलं बघून कोणाला घरात बसवतं? आणि निवडणूक आली की दोन्ही पक्षांचे पुढारी आधी त्या दगडाला हार घालायचे. पुढाऱ्याला काय, विझत आलेलं भांडण परवडत नाही! हसता काय? तुमच्याकडं नाहीत वाटतं असे?

आता इथं मला खाली मान घालून एक गोष्ट सांगायचीय. पेटी जरा थांबवा, काका.

त्या गावात दर दसऱ्यानंतरच्या सोमवारी जत्रेत एक कीर्तनकार यायचा. राणोजीचं आख्यान लावायचा. असं लावायचा, असं लावायचा — की म्हाताऱ्या ढसाढसा रडायच्या आणि पोरांच्या मुठी वळायच्या! ‘खडकुण्याचा तो काळा धारदार दगड सणसणत आला आणि राणोजीच्या कपाळात रुतला!’ वा, काय टाळ्या पडायच्या! त्यानं दगड पाहिला होता? नाही. जखम पाहिली होती? नाही. कपाळ कुठून आणलं? आख्यानात शोभतं म्हणून आणलं! बारा वर्षं त्यानं हे आख्यान लावलं, नारळ घेतला, शाल घेतली, घरी गेला. आणि दर वर्षी त्याच्या मागं शिवेवर कोणाचं तरी डोकं फुटलं.

तो कीर्तनकार कोण? बघा की माझ्याकडं. मीच तो!

माझ्या आख्यानाचं तेरावं वर्ष. तिसरा प्रहर. देऊळ खच्चून भरलेलं. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, गवत गुडघ्याइतकंच. आणि दोन्ही गावांनी ठरवलेलं — आज कुरण कापायचंच. रेघेच्या अलीकडचं, पलीकडचं, सगळं! पुढच्या रांगेत बसला होता जालिंदर — राणोजीचा मुलगा. बापानं तोंड न पाहिलेलं लेकरू, आता सत्तावीस वर्षांचा गडी. कमरेला गोफण. कोणाची? बापाची! केरबानं स्वतः बांधली होती. केरबा आता गावचा मोठा माणूस. पुतण्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं त्यानं — हेही सांगायला हवं. वाईट माणूस नव्हता तो.

मी रंगात आलो. हात वर केला — ‘दगड आला, सणसणत आला, आणि राणोजीच्या कपाळात...’

‘खोटं हाय!’

बायकांतून आवाज. मी थांबलो. तबला थांबला. कीर्तनात असं कोण बोलतं हो? सगुणाबाई उभी होती. अठ्ठावीस वर्षांत त्या बाईनं देवळात आवाज काढलेला कोणी ऐकला नव्हता.

‘कपाळाला खरचटलंबी नव्हतं, बुवा. त्यांचं डोस्कं मी धुतलंय. जखम मागं हुती.’

कोणीतरी ओरडलं, ‘म्हंजी राणोजी पळत हुता म्हनतीस का काय?’

‘पळत न्हवते! समद्यांच्या म्होरं हुते. तोंड खडकुण्याकडं, अन् दगड आला मागनं. मागं कोण हुतं?’

मागं कोण होतं, मंडळी? सांगा ना! मागं झरेगव्हाण होतं!

जालिंदर उठला. ‘आये, काय बोलतीस तू?’ तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्यासमोर मानाचा नारळ ठेवलेला होता, तो उचलला. मी काय अडवणार? ती त्या दगडापाशी गेली, पदर खोचला, आणि नारळ आपटला. एकदा! दोनदा! अठ्ठावीस वर्षांचा शेंदूर हो, घट्ट बसलेला. तिसऱ्यांदा तडा गेला, आणि शेंदराची खोळ दोन फाकांत खाली पडली.

आत काय? काळा? धारदार? खाणीतला? गोल गोटा! गुळगुळीत, करडा, पोटावरून पांढरी रेघ गेलेला. त्या गावच्या ओढ्यात असे गोटे पायाखाली येतात. झरेगव्हाणच्या पोरांनी त्या दिवशी ओढ्यातूनच गोफणीचे गोटे वेचले होते!

‘शेंदूर लागायच्या आदी मी ह्यो हातात घेतला हुता,’ सगुणा म्हणाली. ‘ओढ्याला जलमभर धुणं धुतलं. आपला गोटा मला कळत न्हाई व्हय?’

आणि केरबा मटकन खाली बसला. एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांत तोंड धरून बसला. ‘मी मागनं फेकत हुतो,’ म्हणाला. ‘दादा मधी आला का काय, मला दिसलं न्हाई. आजवर मी सोताला सांगत आलो की खडकुण्याचाच असंल. खडकुण्याचाच असंल! वैनी, तुला ठावं हुतं? मग बोलली का न्हाईस?’

‘भावजी, तुमी सतरा वर्सांचं हुता. बोलले असते तर हिरीत उडी टाकली असती तुमी. एका घरातनं दोन तिरड्या कशा निघू दिऊ? म्हनून गिळलं. पर आज माझं लेकरू तीच गोफण घिऊन निघालंय. आता न्हाई गिळत.’

मंडळी, तिच्या गप्प बसण्यात माया होती. माझ्या बोलण्यात काय होतं? टाळ्या! मला लाज वाटली. आजही वाटते, आणि वाटत राहू दे.

पण गोष्ट संपली नाही. शिवेवर खडकुणं गोफणी घेऊन उभं होतंच! कोण जाणार? सगुणानं तो गोटा पदरात घेतला आणि निघाली. मागं जालिंदर — गोफण सोडून देवापुढं टाकून! मागं केरबा, मागं मी, हातात चिपळ्या तशाच. मग एकेक करत सगळं गाव. बोराटीची काटी जालिंदरनं हातानं ओढली, तळहात रक्तानं माखले. पलीकडं गोफणी वर झाल्या. सगुणा थांबली नाही!

शिदूचा भाऊ बिरूतात्या, सत्तरीचा, समोर आला. ‘आमचा दगड माघारी द्यायला आलीस व्हय?’

‘तुमचा न्हवताच,’ सगुणा म्हणाली. ‘त्येच सांगाया आले.’

म्हाताऱ्यानं गोटा हातात घेतला. फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाला, ‘आमच्या देवळातबी एक हाय. शिदूचा. चला, त्योबी फोडू.’

गेलो. फोडला. तुम्हाला वाटत असेल, त्यांच्यातही त्यांचाच दगड निघाला, फिट्टंफाट झाली! नाही. शेंदराखाली होता गोल गोटा. ओढ्यातला. झरेगव्हाणचा! म्हणजे दोन्ही माणसं आमच्याच बाजूनं मारलेली. अठ्ठावीस वर्षं बदला कोण मागत होतं? आम्ही!

केरबानं पागोटं काढून बिरूतात्याच्या पायाशी ठेवलं. म्हाताऱ्यानं खाली त्या पागोट्याकडं पाहिलं. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. खोटं कशाला सांगू? म्हणालाच नाही. तो म्हणाला, ‘गवत वाळाया लागलंय. इळे आणा.’

दोन्ही गावांनी एका रांगेत बसून कापलं. रेघ कोणाच्या पायाखाली गेली, कोणी पाहिलं नाही. पुढच्या वर्षी कुरकुर झाली, त्याच्या पुढच्या वर्षी दोघांनी बाह्या सरसावल्या — भांडण एका दिवसात थोडंच मरतं? पण गोफण परत फिरली नाही.

आता तुमच्याकडं वळतो. सावरून बसा!

तुमचं आणि शेजारच्या गावाचं बंधाऱ्यावरून वाकडं आहे, हे मला येतानाच जीपवाल्यानं सांगितलं. तुमच्या वेशीबाहेर पिंपरणीखाली एक दगड आहे, तोही मी पाहिला. शेंदूर ताजा आहे — कालचाच! सकाळी चहाला बसलो तिथं विचारलं, हा कोणाचा हो? तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. माणूस वेगळा, साल वेगळं, कारण वेगळं. मारणारा मात्र तिन्हींत एकच — शेजारचं गाव! वा रे वा!

आत काय निघेल, मला ठाऊक नाही. त्यांचाच दगड निघेल कदाचित. निघू द्या! मग त्यांना जाऊन विचारू, तोंडावर विचारू. पण हातात घेऊन, बघून विचारू. आणि ह्या मांडवात एखादी सगुणा बसली असेल, एखादा केरबा बसला असेल — त्याला हात जोडून सांगतो, अठ्ठावीस वर्षं लावू नकोस बाबा. आज बोल.

हा मानाचा नारळ तुम्ही माझ्यापुढं ठेवलात. दर वेळी मी तो घेऊन घरी जातो. आज नाही नेणार! बुक्का नंतर लावा, आरती नंतर करा. ज्याला यायचं त्यानं यावं, ज्याला मला अडवायचंय त्यानंही यावं — पिंपरणीखाली भेटू. काका, पेटी बंद करा. टाळकरी, उठा! मी निघालो.