कयाकमधली ऑटोमॅटिक मोटर

नाही, पण मला एक सांगा... होडीत शिरलेलं पाणी बाहेर फेकायला एक पंप बसवायचा, एवढंसं काम, ते जगदीशला सांगायची मला काय गरज होती? पण आमच्या डिलाईल रोडला मोटर म्हटलं की जगदीशच! चार चाळींच्या पाण्याच्या टाक्या हा एकटा सांभाळतो. मी म्हटलं, जग्या, ऑफिसातल्या प्रिती मॅडम फॉरेनला जाताना त्यांची कयाक मला देऊन गेल्यात, दोन माणसांची, लांब नि अरुंद, पण कुठूनतरी झिरपून तळाशी पाणी साठतं. तर हा छाती ठोकून म्हणतो, "अज्या, ऑटोमॅटिक करून देतो. टेन्शन नाय घ्यायचं!"

आणि केलीन हो! तळाला पंप, पाइपचं तोंड काठावरून बाहेर, स्कूटरची बॅटरी फरसाणाच्या डब्यात, आणि पाण्याबरोबर वर-खाली होणारा एक गोळा, टाकीत असतो ना, तसाच! गोळा हलला की मोटर आपोआप चालू-बंद.

मी म्हटलं, पाणी ओतून बघूया?

"येडा झालास? नळाला पाणी येतं पाऊण तास. होडीत ओतायला मागितलंस तर बायका तुलाच पिंपात बुडवतील!"

मग काय, कोरडीच चाचणी. बटण दाबलं... घुर्रर्र! अख्ख्या चाळीने टाळ्या वाजवल्या! त्यानंतर महिनाभर मी त्या पंपाची जी सेवा केली... जाळी टूथब्रशने घास, तारांना ग्रीस लाव, बॅटरी चार्ज कर... चंपा, म्हणजे आमची मिसेस, म्हणाली, "माझ्या गुडघ्याला बाम लावायचा म्हटलं की हात दुखतात तुमचे!"

आणि हीच चंपा हट्टाला पेटली, मला न्या म्हणून. आता आली का पंचाईत? तुम्हाला म्हणून सांगतो, लग्नाआधी मी तिला एक थाप मारली होती, की मी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत पोहत गेलोय. येताना लाँचने आलो, म्हटलं, उगाच खोटं कशाला बोला! प्रत्यक्षात मी बादलीच्या बाहेरचं पाणी अंगावर घेतलेलं नाही. त्यात लाइफ जॅकेट एकच. ते चंपाला. मला कशाला? मी पोहणारा!

रविवारी सकाळी दादर चौपाटीवरून निघालो. काठावरून जगदीश ओरडतोय, "वहिनी, ऑटोमॅटिक आहे, टेन्शन नाय घ्यायचं!" पंप आपला घुर्रर्र... मी म्हटलं, बघ चंपा, किती दक्ष! पाणी नाही तरी उपसतोय!

आणि एक लाट आली. मोठी नाही हो, पण चांगली कमरेखाली भिजवून गेली. आणि पंप... गप्प!

मी बटण दाबतोय, डबा ठोकतोय, जगदीशच्या सात पिढ्या आठवतोय. पाणी घोट्यावर... पोटरीवर... काठ लांब चाललाय, ओहोटी लागलेली! आणि चंपा अगदी शांतपणे म्हणते, "अहो, उतरा आणि ढकला. मांडव्यापर्यंत जाता, हे तर समोर दिसतंय."

सांगा, काय करायचं माणसाने? घसा कोरडा, बाकी सगळं ओलं! म्हटलं, चंपा... मला पोहता येत नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत असं बघितलं नव्हतं. "ते घरी बघते," म्हणाली, आणि वाकून त्या गोळ्याकडे बघत राहिली. आणि एकदम किंचाळली, "अहो, ही टाकीची मोटर आहे! टाकी रिकामी, मोटर चालू! टाकी भरली, मोटर बंद! त्या मेल्याने होडीची टाकी केलीय!"

आणि तिने तो गोळा टाचेखाली घेऊन पाण्यात तळाशी दाबून धरला. घुर्रर्र! धार बाहेर! पाय हलला की बंद, दाबला की चालू! "पायात गोळा आलाय!" ती ओरडतेय. मी ओरडतोय, कुठला गोळा? "वल्हवा!!"

वल्हवलं. कसं ते विचारू नका. होडीच्या नाकाने वाळू चाटली तेव्हा श्वास घेतला.

जगदीश धावत आला. "पाणी किती भरलेलं?"

"काठोकाठ!"

"मग मोटर?"

"बंद!"

"मग बरोबरच आहे की! आपली वायरिंग कधी चुकत नाय!"

आता सांगा, याला मारायचं तरी कसं?

कयाक हल्ली चाळीच्या गच्चीवर असते. झिरपायचं ते भोक शोधून बुजवलं, पंप खाली पिंपात, गोळा वर होडीत. रोज पहाटे भरते नि आपोआप बंद होते. एक थेंब वाया नाही! चाळ जगदीशला दुवा देते. आणि परवा चंपा मला ब्रश देऊन म्हणाली, "जा, आतून घासून या. गुडघाभरच पाणी आहे... सोबत कुणाला पाठवू का?"

मी म्हटलं... पाठव.