पिवळ्याचा डाव

एसन शहरातल्या बोर्ड गेमच्या मेळ्यात नवा खेळ बघायचा म्हणजे रांग आलीच. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"हाइडरून, यंदा फक्त दोघांनी खेळायचा खेळ घ्यायचा," म्हातारा बायकोला म्हणाला.

"आपल्या जुन्या खेळाला काय झालंय, डेटलेफ?"

"तो तिघांचा आहे. दोघंच असलो की तिसऱ्या, पिवळ्या सोंगट्या आळीपाळीनं आपणच हलवायच्या. आणि तुझी पाळी आली की पिवळा नेमका माझीच वाट अडवतो."

"फोल्कर असाच खेळायचा."

"तुझा भाऊ जाऊन वर्ष उलटलं, हाइडरून."

"म्हणून काय त्याच्या सोंगट्यांनी आता शहाण्यासारखं वागायचं?"

"आणि रविवारी? हातातला डाव सोडून तू पिवळ्याला जिंकवलंस. माझ्या डोळ्यांदेखत!"

"तुझ्या लक्षात आलं?"

"न यायला काय झालं? लग्न झाल्यापासून मला एकदाही जिंकू दिलं नाहीस."

"रविवारी त्याचा वाढदिवस होता."

"मग सांगायचंस की मला."

"सांगितलं असतं, तर तूही मुद्दाम हरला असतास. तसं जिंकणं त्याला आवडलं नसतं."

"आणि तू हरलीस ते?"

"बहिणीचं चालतं."

रांग पुढे सरकली. त्यांचा नंबर आला तसं टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं, "घरी किती जण खेळता?"

"दोघंच," डेटलेफ म्हणाला. "पण खेळ तिघांचा दाखवा. पिवळ्या सोंगट्यांचा."