चांगुणाच्या बोटातली अंगठी

मंडळी, ऐका! कथेआधी एक प्रश्न. एखाद्यानं तुमच्या तोंडावर खरं सांगितलं — अगदी लख्ख! — आणि तुम्हीच ते मानलं नाही. पुढे पस्तावलात. तर मग फसवलं कुणी?

मागच्या खांबाला टेकलेले काका म्हणतात, "ज्यानं सांगितलं त्यानं." वा काका! वकिली केलीत वाटतं?

बरं. मिरजेच्या एका बोळात प्रमिलाबाई शिराळकर राहत. बाई कशा? पूजा वेळेवर, उपास कडक, देवासमोर डोळे मिटलेले — आणि बोहारणीसमोर? टक्क उघडे! नवऱ्याचे, म्हणजे नानांचे, तीन शर्ट आणि विरलेलं धोतर टाकून बाई मागत काय? झाकणाचा डबा! नानांना हे कळायचं कधी? अंघोळीनंतर, शर्ट शोधताना!

एके दुपारी चांगुणा बोहारीण ओट्यावर बसली होती. पुढ्यात स्टीलच्या भांड्यांची पाटी, शेजारी कपड्यांचं गाठोडं. डबा हातात देता देता तिच्या बोटातली अंगठी झळकली. पिवळीधमक! मध्ये लालबुंद खडा! प्रमिलाबाईंचं डब्यावरचं लक्षच उडालं.

"चांगुणा, अंगठी कसली गं?"

"पितळेची हाय, बाई. माझ्या बानं हातानं केलीया. तांबट व्हता त्यो. देवळातलं झुंबर पुसाय गेलेला, तवा फुटका लोलक पुजाऱ्यानं दिला. त्योच घासून बसवला बगा."

"मग एवढी चमकते कशी?"

"रोज चिंचंनं घासती की!"

आता सांगा मंडळी, सांगायचं काय राहिलं? धातू सांगितला, खडा सांगितला, कारागीर सांगितला, चमकेचं कारणसुद्धा सांगितलं! पण प्रमिलाबाईंच्या मनात काय आलं? 'भाबडी आहे बिचारी! माणिक आहे माणिक, आणि हिला पत्ताच नाही!' — अहो, बिचारीची कीव आली, पण ती अंगठी घेण्याइतकीच आली!

"मला देतेस?"

"न्हाई बाई. बाची आठवण हाय."

बाई उठल्या, आत गेल्या, ट्रंकेच्या तळातून सासूबाईंचा शालू काढून आणला. डाळिंबी रंग, घडीवर फाटलेला, काठ काळवंडलेला. तीस वर्षं डांबराच्या गोळ्यांत पडून होता. "हा घे!"

चांगुणानं शालू मांडीवर पसरला आणि तिची बोटं तिथंच थांबली. वैशाखात तिच्या लेकीचं, सुंद्रीचं लग्न होतं. पोरीला नेसायला धड लुगडं नव्हतं. बराच वेळ ती काठावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाई, जरा साबण द्या." अंगठी घट्ट बसली होती हो! बोटाला साबण लावून, पिरगाळून पिरगाळून काढली. बोटावर पांढरा वळ तेवढा राहिला.

इकडे प्रमिलाबाईंची प्रयोगशाळा सुरू! दातानं चावून पाहिली — दात दुखला. म्हणजे सोनं! फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं — चिकटत नाही. म्हणजे सोनंच! नाना म्हणाले, "अगं, पितळही चिकटत नाही." बाई म्हणाल्या, "तुम्हाला माझं काही चांगलं बघवतच नाही!" — इथे हसणारे पुरुष सगळे विवाहित दिसतात.

हळदीकुंकवाला अंगठी घातलेल्या हातानंच वाण दिलं. दर वेळी बोट वर! "सासरकडचं जुनं माणिक," म्हणाल्या. बोळात बातमी पसरली.

आठव्या दिवशी वजन करायला म्हणून बाई भालूशेठ सराफांच्या पेढीवर गेल्या. भालूशेठ म्हातारे, बोलणं मोजकं. अंगठी काळ्या कसोटीवर घासली, रेघ उमटली. रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ हिरवट फसफसली आणि गेली! सोनं असतं तर रेघ राहती ना!

"पितळ," भालूशेठ म्हणाले.

"आणि खडा? माणिक ना?"

भालूशेठांनी भिंग डोळ्याला लावलं. "या, तुम्हीच बघा. आत बुडबुडा दिसतो? गोल? काच वितळताना हवा अडकते. ही काच आहे." मग अंगठी उलटी करून कौतुकानं म्हणाले, "पण हात काय आहे हो! कानशीच्या खुणा बघा आतून. काचेला पैलू पाडायला या माणसानं महिना घातला असेल!"

पण ते कौतुक ऐकतंय कोण! बाईंच्या कानात फक्त शालू वाजत होता. 'तिनं मला फसवलं!' काय? तिनं?

घरी येईपर्यंत बेत पक्का. अंगठी परत द्यायची, शालू परत घ्यायचा. पण 'पितळ निघाली' म्हणून कशी देणार? चांगुणा म्हणेल, मी काय वेगळं सांगितलं होतं! मग युक्ती सुचली. पुण्यवान व्हायची युक्ती!

दुसऱ्याच दिवशी चांगुणा बोळात शिरली. प्रमिलाबाई लगबगीनं ओट्यावर आल्या आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चांगुणा, अगं तुझी अंगठी खऱ्या सोन्याची निघाली! खडाही माणिक! मला नको बाई गरिबाचं पाप. तू ही घे, माझा शालू मला दे!"

काय ते औदार्य! खिडक्यांतून "अगंबाई!" असे आवाज आले.

चांगुणाच्या काखेत एक पुडकं होतं. ते निसटून ओट्यावर पडलं. अंगठी घेतली, पण बोटात घातली नाही. नुसती बघत राहिली.

"सोन्याची?"

"सराफांनी सांगितलं!"

"बाई," चांगुणा हळू म्हणाली, "ही केली त्या साली माझी आय खोकून खोकून मेली. औषधाला काय नव्हतं घरात. बा म्हनायचा, माझ्याकडं काय न्हाई गं पोरी. म्या इस्वास ठिवला." तिनं अंगठी मुठीत धरली. "आन् त्याच्याकडं सोनं व्हतं?"

मंडळी, प्रमिलाबाईंना आता कळलं. शालूसाठी एक थाप मारली होती त्यांनी, आणि ती जाऊन लागली कुणाला? एका मेलेल्या बापाला! लेकीनं इतकी वर्षं चिंचेनं घासून उजळ ठेवलेल्या बापाला!

गप्प बसल्या असत्या तर शालू मिळाला असता. खिडक्यांत बायका उभ्या होत्या, त्याच — हळदीकुंकवाच्या! एकदा वाटलं, आत बोलावून कानात सांगावं. पण चांगुणा वळली होती, चालू लागली होती.

"थांब!" बाई ओरडल्या. "खोटं बोलले मी! पितळ आहे ती! काच आहे! तू सांगितलंस तेच खरं होतं. तुझा बा खोटं बोलला नाही, चांगुणा. मी बोलले!"



चांगुणानं पदरानं डोळे पुसले, अंगठी बोटात सरकवली. मग मागे येऊन ओट्यावरचं पुडकं उचलून बाईंच्या हातात दिलं. "शालू परत द्यायलाच आल्ते. रफूवाल्यानं काठाचा धागा खरवडला, म्हनला ही खरी जर हाय, चांदीची. तुमी जुनेर समजून दिला. मला ठिवू वाटंना."

ऐकलंत? खऱ्याची पारख करणाऱ्या बाईंच्या ट्रंकेत तीस वर्षं खरी चांदी काळी पडत होती!

बाईंनी शालू तिच्याच खांद्यावर टाकला. "सुंद्रीला नेसव."

"फुकाट न्हाई घ्यायची," चांगुणा म्हणाली आणि पाटीतलं मोठं पातेलं काढून ओट्यावर ठेवलं. "आन् नेसवायला तुमीच या."

वैशाखात प्रमिलाबाई गेल्या. उकाड्यात घामाघूम होऊन पोरीला शालू नेसवला. निऱ्या तीनदा चुकल्या!

हसा, हसा! पण आता मी तुमच्याकडे वळतो. सून म्हणाली, "आई, पाय दुखतोय." तुम्ही म्हणालात, नाटकं! भाऊ म्हणाला, "दादा, खरंच हातात काही नाही." तुम्ही म्हणालात, लपवतोय! खरं बोलणारं माणूस समोर उभं असतं आणि आपण त्याच्या बोलण्यात आपल्या लोभाला सोयीचं तेवढं शोधतो.

का हो, काका गप्प झाले? ताई मान खाली घालून बसल्या? कुणीतरी आठवलं ना? मग आज घरी जा आणि त्या माणसाला एवढंच सांगा — "त्या दिवशी तू खरं बोलत होतास. मीच मानलं नाही." जीभ जड होईल. होऊ द्या. तेवढं एक वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्याचं नामस्मरण आज विठ्ठल स्वतः पुढे सरकून ऐकेल. उचला टाळ!