परतीचा चप्पू

मंडळी, माईक जरा खाली घ्या. हाव, एवढा पुरे. नमस्कार करतो सगळ्याईले. वहिनी, तुमाले पण.

माह्याआधी चार जण बोलले. सगळे शिकलेले, सभेत बोलायची सवय असलेले. मले ती नाही. मी सावरगावचा नामदेव मिस्त्री. पाण्याच्या मोटरा दुरुस्त करतो. इथं बसलेल्या अर्ध्या लोकाईच्या संत्र्याच्या बगीच्यातली मोटर कधी ना कधी माह्या दुकानात येऊन गेली आहे. मोटर जळली की काय करायचं ते मले समजते. माणूस गेल्यावर काय बोलायचं ते नाही समजत. पण वहिनी, आपल्या गुरुजीच्या घरच्या, म्हणाल्या, "नामदेवभाऊ, तुमी बोला. तुमी बोलले नाही तर त्याईले चुकल्यासारखं वाटंल." म्हणून उभा राहिलो. जसं दुकानात बोलतो तसंच बोलीन. चुकलं तर सांभाळून घ्या.

वसंत गुरुजी कसे शिक्षक होते हे आता सगळ्याईनं सांगतलं. खरं आहे ते. त्याईनं पांढुर्ण्याच्या दोन पिढ्याईले पाढे शिकवले. पण मी ज्या गुरुजीबद्दल बोलून राहिलो, ते तुमच्यातल्या लोकाईनं फार पाह्यले नसतीन. पँट गुडघ्यालोक खोसलेली, डोक्यावर त्याईच्या पोरीची, सुनंदाताईची, लहानपणची टोपी, हातात गळाची काठी, अन् खिशात बडीशेप घालून मळलेल्या कणकीच्या गोळ्या. दर रविवारी सकाळी. धरणावर. चौदा वर्षं.

अन् मासा खात नव्हते बरं का! बाप्पा, केवढी गंमत. कतला लागला का गुरुजी त्याले दोन्ही हातानं धरत, विचारपूस केल्यासारखे त्याच्याकडे पाहत, गळ काढत अन् परत पाण्यात सोडत. मी म्हणो, "गुरुजी, मंग धरता काहून?" ते म्हणत, "हजेरी घेतो मी." आता हसता तुमी. मीही हसलो चौदा वर्षं.

आमची ओळख शाळेच्या मोटरीपासून. शाळेची बोअर बंद पडली, मी दुरुस्त करायले गेलो, गुरुजी बाजूले उभे. काम झाल्यावर विचारतात, "मिस्त्री, पोहता येते का तुले?" मी म्हटलं, येते. "मंग रविवारी ये." बस. एवढंच. आपल्या दोन गावाईच्या मधात जाम नदी आहे अन् वर्षातून एक दिवस तिच्या दोन काठाईवरून आपण एकमेकाईले कसे गोटे मारतो ते मी काय सांगू. त्या दिवशी गुरुजी दार लावून घरात बसत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन मले. "मिस्त्री, डोकं शाबूत आहे ना? रविवारी लागंल ते."

नाव त्याईनं सौसरच्या एका सुताराकडून बनवून घेतली. वहीत स्वतः चित्र काढलं. सगळ्या फळ्या पाऊण इंच, अन् मागची एकच फळी चांगली दोन इंच जाड. सुतार म्हणाला, "गुरुजी, मागं काय हत्ती बसवून राहिले?" गुरुजी म्हणाले, "तिथं मोटर बसणार आहे." पहिल्या दिवशी नाव गळायले लागली. मी डांबर लावलं. तवापासून ती नाव आमची दोघाईची.

मोटर म्हणजे नावेची मोटर. मागं अडकवायची, दोरी ओढून चालू करायची, तिचा पंखा पाण्यात फिरते अन् नाव पळते. गुरुजीले तिचं वेड होतं. एक वही होती त्याईची. पेपरातून, कुठल्याकुठल्या पुस्तकातून मोटरीचे फोटो कापून चिकटवलेले. खाली त्या सुंदर अक्षरात लिहिलेलं. अडीच हॉर्स. आखूड दांडा. वजनाले हलकी, एका माणसानं उचलावी. रामाकोन्याचे एक साहेब कधीमधी मोटरची नाव घेऊन धरणावर येत. ते आले की आमची मासेमारी बंद. गुरुजी काठीबिठी ठेवून तिकडंच पाहत राहत. लहान लेकरू मिठाईच्या दुकानाकडे पाहते तसे.

अन् मी? मी नाही म्हणत होतो. चौदा वर्षं नाही म्हणत होतो.

"गुरुजी, सहा दिवस मी मोटरीच्या आवाजात राहतो. माह्या कानात झोपेतही घूंऽऽ वाजत राहते. एक रविवार तेवढा शांत आहे, तोही काहून खराब करता? हात मोडले का आपले?" असं म्हणो मी. अन् आमचा नियम चालू राहे. जाताना चप्पू माह्याकडे, येताना चप्पू त्याईच्याकडे. ते त्याले वल्हं म्हणत. मले दर वेळेस सुधरवत. "चप्पू नाही मिस्त्री, वल्हं." मी म्हणो, "हाव गुरुजी. घ्या, तुमचा चप्पू."

चार वर्षाआधी माह्या कमरेचं ऑपरेशन झालं. तरी मी जातानाचा चप्पू सोडला नाही. गुरुजी म्हणत, "मिस्त्री, मोटर घेऊ. तुह्या कमरेले आराम होईल." मले वाटे, बहाणा करून राहिले. स्वतःले हौस आहे अन् नाव माह्या कमरेचं.

आता मले जे बोलायचं आहे ते बोलतो. पाणी द्या जरा.

गेल्या दिवाळीले त्याईच्या जावईबापूनं नागपूरहून एक जुनी मोटर आणून देली. वापरलेली, पण चांगली. गुरुजी ती पोत्यात गुंडाळून स्वतः माह्या दुकानात घेऊन आले. रिक्षातून उतरताना चेहरा पाह्याचा होता त्याईचा! म्हणाले, "मिस्त्री, चालू होत नाही म्हणतात. तू पाहून घे. तुह्या हातात गेली म्हणजे मी निश्चिंत." मी म्हटलं, "पाहतो." अन् पोतं तसंच बेंचाखाली सरकवलं.

दुसऱ्या रविवारी त्याईनं विचारलं, "मिस्त्री, काय झालं?" मी म्हटलं, "एक पुर्जा मिळून नाही राहिला गुरुजी."

तिसऱ्या रविवारी, "पुर्जा आला?" "येऊन राहिला."

संक्रांतीले तिळगूळ देता देता, "मिस्त्री, पुर्जा?" "नागपूरले सांगून ठेवलं गुरुजी."

होळीले. "पुर्जा?" "आता येईल."

मंडळी, पुर्जा नव्हताच. कोणता पुर्जा? मी ते पोतं सोडलंच नव्हतं. पाच महिन्यात एकदाही नाही. माह्या पायाले लागे ते काम करताना, मी पायानंच मागं सरकवो. ज्या माणसानं मले कधी खोटं सांगतलं नाही, त्याले मी दर रविवारी एक खोटं सांगतलं. तोंडावर. नावेत बसून.

काहून? शांततेसाठी, असं मी स्वतःले सांगत होतो. पण ते पूर्ण खरं नाही. खरं सांगू? मले भेव वाटे. मोटर आली तर गुरुजीले माह्या हाताची काय गरज? ते एकटे जातीन. नाहीतर सुनंदाताईच्या पोराईले घेऊन जातीन. एवढा शिकलेला माणूस, माह्यासारख्या काळ्या हाताच्या मिस्त्रीसोबत चौदा वर्षं बसला, तो त्या चप्पूपायी बसला असं मले वाटे. असा मूर्ख मी.

शेवटचा रविवार. जाताना मी मारला चप्पू. दोन रोहू लागले, दोन्ही सोडले. येताना वारा समोरून होता. गुरुजीनं चप्पू घेतला. थोडं आले अन् थांबले. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही, पाणी पाहून राहिलो." परत मारला. परत थांबले. "मासे पाहून राहिलो." तिसऱ्यांदा थांबले तवा कपाळावर घाम होता अन् मी त्याईची मजा घेतली. मी म्हटलं, "काय गुरुजी, पोरं अशी दमली तर तुमी त्याईले बेंचावर उभे करत होते ना? व्हा उभे!" ते हसले. मले अजून दिसते ते हसणं. म्हणाले, "मिस्त्री, पुर्जा आला असता तर..." अन् वाक्य अर्ध्यातच सोडून परत वल्हं मारायले लागले. काठालोक आणलं त्याईनं मले.

मंगळवारी सकाळी चहा घेता घेता गेले.

तिसऱ्या दिवशी मी वहिनीजवळ बसलो होतो. वहिनी सहज बोलल्या. म्हणाल्या, "डॉक्टरनं गेल्या पावसाळ्यातच सांगतलं होतं भाऊ, छातीले जोर द्यायचा नाही. वल्हं तर बिलकुल नाही. मी म्हणो, जाऊच नका. तर म्हणत, मिस्त्रीची कमर गेली आहे, तो एकटा जाता-येता दोन्हीकडून कसा मारंल? मोटर बसली की मी वल्ह्याले हात लावणार नाही." मी विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?" वहिनी म्हणाल्या, "ते म्हणत, मिस्त्रीले सांगशील तर तो येणंच बंद करंल. रविवार जाईल माह्या हातचा."

माह्यासाठी मागत होते मंडळी. स्वतःसाठी मागत होते. आमच्या दोघाईच्या रविवारासाठी मागत होते. अन् मी पुर्जा, पुर्जा करत बसलो.

वहिनी, तवा मले तुमच्यासमोर बोलता नाही आलं. उठून गेलो मी. तुमाले वाटलं असंल, दुःखानं गेला. मी लाजेनं गेलो. हे आज सगळ्याईच्या देखत पहिल्यांदा सांगून राहिलो, कारण एकट्यात सांगतलं असतं तर तुमी लगेच म्हटलं असतं, जाऊ द्या भाऊ. मले तसं सोपं सुटायचं नव्हतं.

दुकानात गेलो अन् पोतं सोडलं. मोटर पाह्यली. काय बिघडलं होतं तिचं? काही नाही. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल आटून बसलं होतं. तेवढंच. साफ केला. प्लग घासला. अंगणात पाण्याचा ड्रम ठेवला, त्याच्यावर मोटर लावली, दोरी ओढली. एक. दोन. तिसऱ्या झटक्यात चालू. अर्धा तास लागला मले. अर्धा तास! अन् आवाज तरी काय तिचा? आपल्या शेतातल्या पंपाच्या निम्माही नाही. मी तिथंच ड्रमाजवळ खाली बसलो अन् रडलो. माह्या बायकोनं येऊन मोटर बंद केली.

सुनंदाताई मले म्हणाली, "काका, बाबाचं असंच व्हायचं होतं. डॉक्टर म्हणतात, कधीही झालं असतं." असंल पोरी. तू म्हणतेस म्हणून मी ऐकून घेतो. पण तो शेवटचा रविवार तर मले बदलता आला असता ना? त्या दिवशी तरी तुह्या बापाले हात मांडीवर ठेवून आरामात बसून येता आलं असतं. वारा तोंडावर घेत. दोन इंची फळीवर त्याईची मोटर लावून. चौदा वर्षं जे पाह्यचं होतं ते एकदा तरी पाह्यलं असतं त्याईनं.

इथं पोरं बसली आहेत, त्याईच्या हाताखालून गेलेली. तुमाले कोणी काही मागत असंल अन् तुमी "येऊन राहिलं, येऊन राहिलं" म्हणत असाल, तर बाप्पा हो, आज घरी जाऊन ते पोतं सोडा. मी मोठा शहाणा नाही. पण एवढं मले आता समजलं.

उद्या सकाळी थोडी राख धरणाच्या मधात सोडायची असं घरच्याईनं ठरवलं आहे. वहिनी पहिल्यांदाच नावेत बसणार आहेत. मोटर मी आणली आहे. बाहेर माह्या गाडीवर आहे, पोत्यात नाही, उघडी. पण ती लावायची का नाही हे मी नाही ठरवणार. मी खूप ठरवलं. वहिनी, तुमी सांगान तसं. तुमी म्हटलं, नामदेवभाऊ, चप्पूच मारा, तर दोन्हीकडून मीच मारीन, कमर राहो का जावो. तुमी म्हटलं, मोटर लावा, तर लावीन. अन् तुमी म्हटलं, तुमी येऊच नका, तर काठावर उभा राहीन. आता उत्तर देऊ नका. उद्या द्या.

आता आपल्याले दोन मिनिटं गप्प राह्यचं आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणाईले आठवत असंल, वर्गात गलका झाला की गुरुजी ओरडत नसत. एक बोट ओठावर ठेवत अन् थांबत. नावेतही तसंच. गळ पाण्यात पडला की माह्याकडे पाहून बोट ओठावर. माह्यासारखा बडबड्या त्या बोटानं गप्प होत होता. आज ते बोट नाही. आपलं आपल्यालेच गप्प राह्यचं आहे.

उठा मंडळी. सगळे उभे राहा.

गुरुजी, तुमी नका उठू. तुमी बसा आरामात. पुर्जा आला.