मानेला हळद

कीर्ती : आई, हसू नका ना! तुम्ही हसलात की पोट हलतं, पोट हललं की युकुलेले हलतो.

सत्यवती : मंग तू तोंड तसं करू नको गो. मांडवात आख्खी भावकी बसलीय, नि आमी सासू-सुना कडी लावून या बारक्या गिटारीचं लाकूड दाबतो!

कीर्ती : झालंच. हा दोरा धरा. खालच्या रेघेपासून नेकच्या, या मानेच्या, टोकापर्यंत... ताणा... आई, मधोमध! केसभरही वाकडी नाही.

सत्यवती : दाव. हाय की! सोड आता.

कीर्ती : सोडते हां.

सत्यवती : अगो बाय! मान हातात आली!

कीर्ती : असं कसं? ग्लू भरपूर होता, मान बसते ती खाच घट्ट होती, इतका वेळ दाबून धरलं... आई, खाचेत हे पिवळं काय आहे?

सत्यवती : कुठं?

कीर्ती : इथं. आणि वास कसला येतोय?

सत्यवती : हळदीचा येत असंल. आज आपल्या दीपिकाची लग्नाची हळद, घरात नवी वस्तू जन्माला येते, तिला बोट लावायला नको? तू चहाला गेलीस तवा लावलं. बाहेरून डाग दिसला तर तू ओरडशील, म्हणून आतून लावलं.

कीर्ती : कोरडी हळद?

सत्यवती : कोरडी कोण लावतं? नवरीच्या वाटीतली. तेलातली.

कीर्ती : तेल! खारघरला पोरांना केमिस्ट्री शिकवते मी, आणि घरी तेलावर ग्लू!

सत्यवती : आता कोण हसतंय?

कीर्ती : रडू येत नाही म्हणून हसतेय.

सुनीता (दार ठोकत) : जाऊबाय! कवाचा डीजेवाला थांबवून ठेवलाय मी. तुमीच बोललात ना सगळ्यांपुढं, आधी माजं गाणं, सूनबायच्या हातच्या वाद्यावर, मंग डीजे? येताव का लावू?

सत्यवती : लावशील तर बघ! टिकली शोधतेय मी.

सुनीता : मगाशी पिन शोधत होतात.

सत्यवती : पिन गावली!

कीर्ती : हळू, ऐकतील काकी. ते नेलपॉलिश रिमूव्हर द्या. तेल निघेल. आता पॉलिश पेपर. तुम्ही नेक घासा, मी खाच.

सत्यवती : कोपरापर्यंत बांगड्या भरल्यात गो, किती वाजतात बघ!

कीर्ती : वाजू देत. ग्लू... बसवा... दाबा. बांधायला काहीतरी हवं. क्लॅम्प आणायचा राहिला माझा.

सत्यवती : परकराची नाडी चालंल?

कीर्ती : तुमची?

सत्यवती : माजी काडली तर मांडवात वेगळाच कार्यक्रम होईल. ती खुंटीवरच्या परकराची घे.

कीर्ती : आई! हसवू नका! धरा... गाठ मारली. दोरा बघू. मधोमध. पण नाडीचा भरवसा नाही, हातानं दाबूनच ठेवायला लागेल.

सत्यवती : तारा कवा लावायच्या?

कीर्ती : उद्या.

सत्यवती : उद्या?

कीर्ती : तेल लागलेल्या लाकडावर ग्लू धरायला आता रात्र जाईल, आज तारा ओढल्या तर मान परत निघेल. आई, सॉरी. तुमचं गाणं...

सत्यवती : तू कशाला सॉरी? तेल माजं. माज्या सासूनं शिकवलेलं गाणं हाय ते. मागल्या दोन हळदींना डीजेत बुडालं. म्हटलं, या वेळी सून वाजवंल तर गप बसून ऐकतील तरी. जा, सांग सुनीताला. लाव म्हणावं.

कीर्ती : थांबा. आधी म्हणा.

सत्यवती : काय?

कीर्ती : गाणं. इथंच, हळू. तुम्ही मान धरा, वाद्याचं पोट माझ्याकडे... बोटानं वाजवते. ठेका असाच ना?

सत्यवती : अगो! हे तारेबिगर बोलतंय!

कीर्ती : पोकळ आहे ना, बोलणारच. भोकाजवळ जाड आवाज, कडेला बारीक. ऐका.

सत्यवती : तुला ठेका ठावा हाय?

कीर्ती : तीन वर्षं भाकऱ्या थापताना तेच गुणगुणता तुम्ही.

सुनीता : जाऊबाय, आता शेवटचं विचारते!

सत्यवती : कडी काड, कीर्ते. मी मान सोडत नाय, तू ठेका सोडू नको. सुनीता! पाट दोन मांड, अगदी चिकटून. आमाला येकमेकींपासून हलता येणार नाय.