गळावरचा केस

— नाही, तुटला म्हणजे तुम्ही तोडला. केस काय आपणहून तुटतो? द्या इकडे, बघू. हं. गळ फेकलात कसा — धुणं आपटतात तसा? खांद्यांवरूनच दिसतंय. आणि आता तुटक्या गळांची पिशवी घेऊन माझ्यासमोर उभे. सून दुकानात नाही हे बघून आलात, की न बघताच? न बघताच. तेवढी नजर असती तर मासा नसता का लागला?

बसा. एकदाच सांगते. हा गळाचा दोरा — ताठ, तारेसारखा. वाकवून बघा. वाकतोय? नाही वाकत. आणि हा गळाच्या मागून लोंबतोय तो केस, मऊ. आमिषाची गोळी ह्या केसाला बांधायची, गळात खुपसायची नाही. का? कार्प मासळी म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण हो — सगळं तोंडात घेऊन बघणार, मग नाक मुरडून थुंकणार. मऊ केसावरची गोळी सैल हलते म्हणून ती ओढून घेते, मागोमाग गळ आत. थुंकायला गेली की ताठ दोरा दुमडत नाही, गळ फिरतो आणि ओठात बसतो. दोरा ताठ, केस मऊ. उलटं केलं की संपलं — आणि तुम्ही सगळं उलटंच करत असणार, चपला बघितल्या मी तुमच्या.

केस कसला म्हणजे? केसाचा. विकतच्या पाकिटातल्या दोऱ्याला केस म्हणतात लोक, जीभ कशी वळते कोण जाणे. सूनबाईंना तीच पाकिटं आणायचीत, चकचकीत. म्हणाली, आई, आता एक जरी तक्रार आली ना, तर तुमचं गळ बांधणं बंद, खुर्ची आतल्या खोलीत, टीव्हीसमोर. मला! माझ्या हातचा गळ घ्यायला माणसं तळ्यावरून चालत यायची. तेव्हा ती बँकेतून यायच्या आत दुसरे गळ घ्या आणि चालते व्हा.

कुणाचे म्हणजे? माझे केस, आणखी कुणाचे. वेणी होती माझी, बसले की जमिनीला टेकायची. पांढरी झाली तरी चिवट. — रुमाल? रुमाल उन्हासाठी बांधलाय. दुकानात ऊन नाही, दिसतंय मला. बरं, नाही उरलेत. अंडं झालंय डोक्याचं, झालं समाधान? मग आणणार कुठून — सुनेच्या फणीतून काढते. बोलू नका कुठे. तीच वेंधळी, रोज सकाळी माझ्या खिडकीत फणी विसरते. आणि फणीत गुंता नाही हो — लांब लांब केस वेगळे काढून, नीट गुंडाळून ठेवलेले. आता फणीतले केस असे कोण —

असो. पण रंगवलेले ना ते. रंगानं केस भुसभुशीत होतो, झटका बसला की गेला. तिला सांगू काय मी — रंगवू नकोस गं, मला लागतात म्हणून? त्यापेक्षा टीव्ही बरा.

मिटा पिशवी. आली. — ये गं. हे होय, वाट विचारतायत, तळ्याची. पिशवीत? काही नाही पिशवीत. अहो, तिला काय उघडून दाखवताय — घ्या. दाखवलंत. कणा म्हणून नाही माणसाला.

बोल आता. खुर्ची कुठे न्यायची ते सांग, मी उचलते. अशी बघत काय राहिलीस? हे काय — गिऱ्हाइकासमोर अंबाडा कशाला सोडतेस? अगं —

तो नको. तो रंगाचा. मानेजवळचा दे, तिथं तुझा हात पोचत नाही रंगवताना. हळू. मुळापासून.

आणि तुम्ही काय बघताय? दुकान बंद आहे.